त्याच्या रानात लेंडी पडायची न्हाई

माझी बायको जाऊन अजून वर्ष झालं नाही, आणि लोकं मला शांत व्हा म्हणतात. का व्हायचं शांत? शांत ती होती. माझा स्वभाव तसा नाही, कधी नव्हताच. ती होती तोवर माझ्या रागाला दावं होतं. आता दावं धरणारी गेली. त्यात परवा तो माणूस आमच्या तळावर आला, हातात नारळ घेऊन, म्हणून हे लिहायला बसलो. नाहीतर लिहिणं हे माझं काम नव्हे.

आम्ही मेंढरंवाले. गाव खटाव तालुक्यात, वडूजच्याही पलीकडं. तिकडं दिवाळीनंतर मेंढराच्या तोंडाला काही लागत नाही. मग घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि खाली कृष्णाकाठाला, सांगलीकडं उतरायचं. तिथं ज्याचं रान मोकळं असेल तो आम्हाला बोलावतो. रात्री मेंढरं त्याच्या रानात बसवायची, भोवतीनं जाळी लावायची. सकाळी उठून बघावं तर रान लेंड्यांनी काळं झालेलं. असलं खत दुकानात मिळत नाही. त्याबदली मालक धान्य देतो, आणि मेंढरं त्याच्या रानात आहेत तोवर भाकरी त्याच्या घरातनं येते. भाकरी आली की समजायचं, मालक राजी आहे. बापजाद्यापासून हे चालत आलंय. यात कुणाचे कुणावर उपकार नाहीत.

परवा आला तो यातलाच एक मालक. त्याचं आणि त्याच्या सख्ख्या भावाचं रान शेजारी शेजारी, आणि दोघांचं बोलणं बंद. का बंद, ते त्या दोघांनाही आता धड सांगता येणार नाही. दोघांच्या मधे एक बांध होता आणि बांधावर बाभळ होती. आम्ही दरसाल रस्त्यानं यायचो, बाभळ दिसली की अलीकडं मेंढरं बसवायची. अलीकडचं रान ह्याचं, पलीकडचं भावाचं. बाभळीला घोडं बांधायचं, नातवाची झोळी टांगायची. मेंढक्याला रान झाडावरनं कळतं. सातबारा आमच्या बघण्यात येत नाही.

गेल्याच्या मागल्या साली त्यानं फोन केला. "या तात्या. नेहमीगत बसवा, बाभळीच्या अलीकडं."

मी त्या दिवशी आजारी मेंढ्या घेऊन मागं राहिलो होतो. बायको, पोरगा आणि पुतण्या पुढं गेले. उन्हं उतरता उतरता पोचले, बाभळ बघितली, तिच्या अलीकडं जाळी लावली, झोपले. आता गंमत बघा. त्या उन्हाळ्यात ह्या शहाण्यानं मशीन लावून बांध कोरला होता, आणि बांधावरची बाभळ मुळासकट काढली होती. ट्रॅक्टर वळवायला अडचण होते म्हणून. आणि फोनवर आम्हाला सांगतोय, बाभळीच्या अलीकडं! आमच्या माणसांना जी दिसली ती भावाच्या रानाच्या पार त्या टोकाची बाभळ. मेंढरं रात्रभर भावाच्या रानात बसली. ह्यानं बोलावलेल्या मेंढरांचं खत ह्याच्या वैऱ्याच्या मातीत पडलं.

सकाळी मी उरलेली मेंढरं घेऊन रस्त्याला लागलो तर लांबूनच बोंबलणं ऐकू आलं. भाऊ आपल्या बांधावर उभा राहून हसत होता. म्हणत होता, "लय उपकार झालं बरं का! अजून दोन दिस ठिवा!" आणि हा लाल झाला होता. भावाला हात लावायची छाती नव्हती. मग कुणाला लावायचा? आमच्या पोराला. पाण्याचा पाइप पडला होता तो उचलला.

"ए मेंढक्या, डोळं फुटलं का रं तुझं? कुणाच्या रानात बसवलीस?"

पोरगा म्हणाला, "मालक, तुमीच बाभळीच्या अलीकडं म्हणलासा."

"उलट बोलतोस व्हय?" आणि पाइप पोराच्या डोक्यावर आला. तिनं मधे हात घातला.

तो आवाज मी ऐकला. वाळकं लाकूड मोडल्यागत. मी तवर पोचलो होतो, पण हाताच्या अंतरावर नव्हतो. पोराच्या हातात फांद्या तोडायची कुऱ्हाड होती, पुतण्याच्या हातात काठी, माझ्या हातात काठी. आमची कुत्री तर नुसत्या आवाजावर माणूस फाडतात. तो एकटा होता. भाऊ हसायचा थांबला होता, पण हलला नव्हता. रस्त्याला एक मोटरसायकलवाला थांबून मोबाईल धरून उभा होता. त्या मोबाईल धरलेल्या हातानं पाइप धरता आला असता, हे मी आजही म्हणतो.

ती तिथंच बसली, लेंड्यांत. मोडलेला हात मांडीवर घेतला. तोंडातनं हुं की चूं नाही. आणि म्हणाली, "आदी कुराड खाली. मग माझ्या हाताकडं बघा."

पोरगा म्हणाला, "आये, सोड मला."

"मी कुटं धरलंय तुला? तुझं तूच धर. खाली ठिव म्हणते न्हवं." मग माझ्याकडं बघितलं. "आवं, तुमास्नी काय येगळं सांगू? काठी टाका आन् कुत्री बलवा."

मी टाकली. का टाकली ते मला अजून नीट सांगता येत नाही. भिऊन टाकली नाही एवढं नक्की. तिच्या आवाजात रडणं असतं तर मी त्याला तिथंच आडवा केला असता. रडणं नव्हतं. हुकूम होता.

मग ती त्या माणसाला म्हणाली, "मालक, शेणालेंडीपायी बाईचा हात मोडलासा. आता तुमच्या रानात लेंडी पडायची न्हाई. आमच्या मेंढरांची न्हाई, आन् दुसऱ्या कुणाची पडू देणार न्हाई. ज्या दिशी तळावर येऊन चार बायांच्या देखत चुकलं म्हणशीला, त्या दिशी मेंढरं आणून बसवू. त्याच्या आदी न्हाई, आन् म्हणल्यावर एक दीस उशीर न्हाई."

तो पाइप टाकून थुंकला आणि निघून गेला. भाकरी आली नाही त्या दिवशी, हे सांगायला नको.

सांगलीला नेऊन हाताला प्लास्टर घातलं. पोलीस ठाण्यात गेलो, तिथं दिवसभर बाकड्यावर बसवलं आणि संध्याकाळी म्हणाले, "तुमचं आज हितं, उद्या तिथं. मिटवून घ्या." मिटवायला तेवढं आम्हीच असतो जगात. मारणाऱ्याला कुणी म्हणत नाही, जा, मिटवून ये.

तवर त्या मोटरसायकलवाल्याचं चित्र सगळ्यांच्या मोबाईलवर फिरलं. तिसऱ्याच दिवशी आमच्या समाजाची पोरं गाड्या भरून आली. गळ्यात रुमाल, गॉगल. एक म्हणाला, "मामी, नुसतं नाव सांगा. संध्याकाळपतोर त्याचं दोन्ही हात गळ्यात."

तिनं चहा टाकायला लावला. सगळ्यांना चहा दिला. मग विचारलं, "तुमच्यातलं मेंढरं कुणाकडं हायती?"

एकाकडंही नव्हती.

"मग बाबांनो, तुमी मारून गाड्यांवर बसून जाशीला. आमाला उद्या ह्याच रस्त्यानं मेंढरं घिऊन जायचं हाय. चा झाला न्हवं? मग निघा."

पोरं चिडली. जाता जाता एकजण म्हणाला, "ह्या असल्यामुळंच आपल्याला कुणीबी मारतं." तेव्हा मलाही ते पटलं होतं. खोटं कशाला लिहू? मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. पोरगा तर महिनाभर तोंड फिरवून जेवायचा.

पण ती गप बसली नव्हती. हेच कुणाच्या डोक्यात शिरत नाही. एका हातानं भाकरी थापता यायची नाही, म्हणून सून थापायची आणि ही पायाला भिंगरी लावून ह्या तळावरनं त्या तळावर जायची. आमच्याकडची जेवढी बिऱ्हाडं त्या भागात उतरतात तेवढ्या सगळ्या बायांना भेटली. पुरुषांना नाही, बायांनाच. म्हणायची, "बाईचा हात हाय. उद्या तुझाबी असंल." आणि खरंच, पुढच्या साली त्याच्या रानात एक मेंढरू बसलं नाही. त्यानं दुप्पट धान्य कबूल केलं, फोन केले, मधे माणसं घातली. आम्ही त्याच्या अलीकडच्या रानात बसवली, पलीकडं भावाच्या रानात बसवली, समोरच्या रानात बसवली. ह्याचं तेवढं मोकळं ठेवलं. चारी बाजूंनी काळी माती आणि मधे ह्याचा पांढरा तुकडा. रस्त्यानं जाणारा येणारा विचारायचा, "का रं, तुझ्या रानाला सुतक हाय का?" त्याच्या शिवाराची वाट आम्ही कधी अडवली नाही. त्याच्या पिकाला एक मेंढरू तोंड लावू दिलं नाही. ह्यात ती लय कडक होती. एकदा पुतण्याची दोन बकरी त्याच्या हरभऱ्यात शिरली, तर हिनं पुतण्याला सगळ्यांसमोर झापला. "त्येचं वाटोळं नको हाय मला. त्येच्या तोंडातनं एक शब्द पायजे. शब्दाऐवजी हरभरा खाल्लासा तर तो सुटला."

त्याच थंडीत एका कॉलेजात अहिंसेवर कार्यक्रम होता, तिथं आम्हा दोघांना बोलावलं. मोबाईलवरचं चित्र बघितलं होतं त्यांनी. स्टेजवर खुर्च्या दिल्या, हार घातले, शाल दिली. एक मोठा वक्ता बोलायला उठला. म्हणाला, बघा, ही साधी माणसं, मार खातात पण हात उचलत नाहीत, सोसणं ह्यांच्या रक्तातच आहे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीत जळत होतो. सोसणं कुणाच्या रक्तात असतं का हो? रक्तात पाइप घेऊन येतंय का कुणी जन्माला? आमच्या अंगावर मार पडतो कारण आमचं घर चालतं फिरतं असतं. ते सोसणं नव्हे, ती अडचण आहे. आणि तिनं केलं ते सोसणं तर मुळीच नव्हतं. तिनं त्याच्या रानाला वर्षभर उपाशी ठेवलं होतं. पण माईक काही तिच्यापर्यंत आला नाही. वक्ता, मग दुसरा वक्ता, मग आभार, मग बटाटेवडा.

परत येताना मी म्हणालो, "हाणायला पायजे ह्या असल्यास्नी."

ती हसली. "हाणा की. उद्या तुमालाबी शाल दिऊन कोण तरी म्हणंल, राग ह्यांच्या रक्तातच हाय."

ती शाल तिनं थंडीत जन्मलेल्या कोकराला गुंडाळली. चांगली ऊबदार होती, ते मात्र खरं.

हात बसला पण वाकडा बसला. मनगट फुगलेलंच राहिलं. बांगडी त्यातनं जाईना. सगळ्या बांगड्या ती एकाच हातात घालायची. जेठात आम्ही गावी आलो आणि पुढं पावसात एका सकाळी तिच्या छातीत कळ आली. वडूजला नेईस्तवर सगळं संपलं होतं. हाताचा आणि त्याचा संबंध नाही, डॉक्टरनी नीट सांगितलं मला. मला कळलं. पण बाया तिला न्हाऊ घालत होत्या, आणि सवाशीण गेली म्हणून दोन्ही हातांत हिरवा चुडा भरायला बसल्या, तेव्हा तो हात भरेना. मोठ्यातली मोठी बांगडी आणली तरी जाईना. शेवटी एकीनं बांगडी फोडून काचा नुसत्या हाताखाली ठेवल्या. मी दारात उभा राहून ते बघत होतो. आता मला शांत व्हा म्हणा.

ह्या साली दिवाळी झाली आणि आम्ही तिच्याशिवाय खाली उतरलो. आणि परवा सकाळी तो आला. नारळ घेऊन. मला वाकून नमस्कार केला. मेंढक्याचा तात्या झालो होतो मी परत.

"तात्या, ऐकून लय वाईट वाटलं. मावशी म्हंजी देवमाणूस. आता झालं गेलं सोडून द्या. रान मोकळं पडलंय, लागणीच्या आदी बसवा की मेंढरं."

झालं गेलं. कुणाचं झालं आणि कुणाचं गेलं? माझ्या शेजारी कुऱ्हाड होती. माझा हात आपोआप दांड्यावर गेला, ते त्यानंही बघितलं. तो एक पाऊल मागं सरला.

आणि इतक्यात माझा पोरगा, हां, तोच, ज्याच्या डोक्यावरचा पाइप तिनं हातावर घेतला, ज्याला तेव्हा कुऱ्हाड सोडवत नव्हती, तो म्हणाला, "आबा, जाऊ द्या आता. आयेच ऱ्हायली न्हाई. कुणासाठी धरून बसायचं? बसवू की चार दीस."

मला त्या मालकापेक्षा पोराचा राग आला. अंगाची लाही झाली. माणसांना दोनच गोष्टी येतात. मारायचं, न्हाईतर इसरायचं. कालपतोर डोकं फोडायला निघालेला आज भाकरीचं टोपलं कवा येतंय म्हणून वाट बघतोय. ह्या दोन्हीच्या मधे जे आहे ते तिला येत होतं. हात खाली ठेवायचा आणि शब्द धरून ठेवायचा. दोन्ही एकदम. ते लय जड काम आहे, म्हणून कुणी करत नाही. मारणं सोपं, शाल घेणं त्याहून सोपं.

मी पोराला म्हणालो, "गप. आयेचा शब्द हाय तो. ती मेली म्हणून शब्द मरतो व्हय रं?"

मग त्या माणसाला म्हणालो, "मालक, काय म्हणायचं ते तुमास्नी ठावं हाय. म्हणलासा तर मेंढरं बसतील. न्हाईतर नारळ घ्या आन् चला."

तो म्हणाला, "आवं, पर ज्यांच्याफुडं म्हणायचं त्याच न्हाईत. तुमच्या पाया पडतो की."

"माझा हात मोडला नव्हता."

तो तसाच उभा. मीही तसाच. खरं सांगायचं तर पुढं काय करायचं मला सुचत नव्हतं. दांड्यावरचा हात निघत नव्हता, एवढंच कळत होतं. तेवढ्यात सून चुलीपासनं उठली. एरवी परक्या माणसासमोर बोलत नाही ती. पदर खोचला आणि शेजारच्या तळावरच्या बायांना हाका मारल्या. चार जमल्या, पाच जमल्या. तिनं त्याला विचारलं, "आत्याबाईचा हात न्हाई आता. तुमचा हाय न्हवं? ज्या हातानं हाणलासा तो फुडं करा."

त्यानं इकडं तिकडं बघितलं. मग नारळ डाव्या हातात घेतला आणि उजवा पुढं केला. सगळ्या बाया त्या हाताकडं बघत राहिल्या. चांगला धडधाकट हात होता. अंगठी होती, घड्याळ होतं.

"म्हणा आता."

"चुकलं," तो म्हणाला. मान वर केली नाही. मातीकडं बघून म्हणाला, हळू म्हणाला, पण म्हणाला. पाठीमागची एक म्हातारी म्हणाली, "ऐकू आलं न्हाई बाबा मला." तर परत म्हणाला, मोठ्यानं. "माझं चुकलं. मावशीवर हात टाकाय नको हुता." आणि पुढं केलेला हात त्यानं पाठीमागं लपवला.

मनापासनं म्हणाला की रानापायी म्हणाला, मला ठाऊक नाही. तिनं ते विचारायला सांगितलं नव्हतं. शब्द मागितला होता, शब्द आला. आणि आल्यावर एक दीस उशीर न्हाई, हेही तिचंच बोलणं. तिनं मला दोन्हीकडनं बांधून ठेवलं आणि निघून गेली. मी कुऱ्हाड पोराच्या हातात दिली आणि मेंढरं वळवली.

त्याच संध्याकाळी त्याच्या रानात जाळी लावली. बाभळ नाही, बांध नाही. मीच त्याला हद्दीवर उभा केला आणि म्हणालो, हालू नका, जाळी लावून होईस्तवर हितंच थांबा. थांबला बिचारा खांबागत. भाऊ पलीकडनं बघत होता, पण त्या दिवशी हसला नाही. काल सकाळी उठून बघितलं तर तो पांढरा तुकडा शेजारच्या रानांसारखा काळा झालेला.

उन्हं वर आली तशी त्याची बायको टोपलं घेऊन आली. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, वर ठेचा. सगळ्यांनी खाल्लं. पोरानं खाल्लं, पुतण्यानं खाल्लं. सुनेनं माझ्यापुढं भाकरी ठेवली. "मामंजी, घ्या. आत्याबाईनं तर समदं मिटवलं न्हवं?"

मी तिला म्हणालो, "तिनं मेंढरं बसवायला सांगितलं हुतं. बसवली. मला जेवायला सांगितलं न्हवतं."

सून उठली. भाकरी उचलून कुत्र्याला घातली, आणि पिठाच्या डब्याकडं गेली.